मुलीला मालेगावची पोस्टिंग मिळालीय, पाठवू का?

पत्र :

माझी मुलगी चोवीस वर्षांची आहे. खूप अभ्यास करून बँकेत अधिकारी झाली. प्रशिक्षण संपलं आणि पहिलीच नेमणूक आली ती मालेगावला. आम्ही साताऱ्याचे. पत्र आल्यापासून घरात सुतक पडल्यासारखं झालंय. तिचे वडील म्हणतात, नोकरी सोडली तरी चालेल. माझा भाऊ म्हणतो, तिथे सतत दंगली होतात, बॉम्ब फुटतात, एकट्या मुलीने राहायची ती जागाच नाही. त्याच्या ओळखीने दुसरीकडे नेमणूक करून घेऊ. एका चांगल्या स्थळाकडूनही विचारणा झाली, ‘मालेगावच कसं मिळालं?’ मुलगी म्हणते, मी जाणार. दोघांच्या मध्ये माझी ओढाताण होतेय. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणीही मालेगाव पाहिलेलं नाही. पाठवू का?

– एक आई, सातारा

उत्तर :

प्रिय ताई,

पाठवा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्हाला धडधडत्या छातीने वाचायला नको. कारणं सांगते, अडचणीही सांगते, कारण अडचणी आहेत. फक्त तुमच्या भावाने सांगितल्या त्या नाहीत.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटाकडचं वाक्य, की तुमच्यापैकी कोणीही मालेगाव पाहिलेलं नाही. भावाला प्रेमाने एवढंच विचारा, दादा, तू तिथे शेवटचा कधी गेला होतास? गेला असेल तर मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याकडे जाताना गाडीच्या काचेतून पाहिलं असेल. मालेगावबद्दल छातीठोकपणे बोलणारी जी माणसं मला आजवर भेटली, त्यांतली बहुतेक तिथे एक रात्रही राहिलेली नव्हती. (आणि हो, मी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावबद्दल लिहितेय. वाशीमचं मालेगाव वेगळं, बारामतीजवळचं साखर कारखान्याचं वेगळं. नेमणुकीच्या पत्रावरचा जिल्हा तुम्ही वाचला असेलच.)

माझं माहेर सटाण्याचं. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या आमच्या टापूला ‘कसमादे’ म्हणतात, आणि या टापूचं मोठं बाजाराचं गाव म्हणजे मालेगाव. लग्नाचा बस्ता मालेगावला, डोळ्याचा डॉक्टर मालेगावला, पंपाची मोटर जळाली की ती बांधून घ्यायलाही मालेगावला. आमच्या घरातल्या बायका सकाळच्या एसटीने जायच्या आणि पिशव्या भरून संध्याकाळी परत यायच्या. त्यामुळे पुण्याला आल्यावर लोक ‘बाप रे, मालेगाव!’ म्हणायला लागले तेव्हा मला कळेचना की ही कुठल्या गावाबद्दल बोलताहेत.

आता बॉम्बबद्दल, कारण तुमच्या घरातली भीती तिथूनच सुरू होते.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार होता आणि शब-ए-बारातही होती. दुपारच्या नमाजानंतर बडा कब्रस्तानाच्या आवारात, मशिदीजवळ, सायकलींना लावलेले बॉम्ब फुटले. तीसहून अधिक माणसं गेली. पूर्वजांच्या कबरींवर फुलं वाहायला आलेली माणसं होती ती, त्यात लहान मुलंही होती. यानंतर पकडले गेले ते त्याच शहरातले मुस्लिम तरुण. त्यांना जामीन मिळाला २०११ मध्ये, आणि न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं २०१६ मध्ये. मधल्या काळात त्यांच्या घरांवर काय गुदरलं असेल, ते तुम्ही आई आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुसरा स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा, भिक्कू चौकातला. मोटारसायकलवर बॉम्ब होता, सहा जण गेले, शंभरच्या आसपास जखमी झाले. तो खटला सतरा वर्षं चालला आणि ३१ जुलै २०२५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं.

हे मी तारखांसकट लिहितेय, कारण या तारखा लोकांच्या डोक्यात उलट्या बसल्या आहेत. दोन्ही वेळा मेली ती मालेगावची माणसं. गुन्हा त्या गावावर झाला. आणि आपण त्याच गावाला बॉम्बचं गाव म्हणायला लागलो. एखाद्या घरावर दरोडा पडावा आणि त्यानंतर गल्लीने त्याच घराला दरोडेखोराचं घर म्हणावं, तसं हे झालं. मुंबईत १९९३ मध्ये, २००६ मध्ये लोकलमध्ये, २००८ मध्ये सगळं जग बघत असताना हल्ले झाले. मुंबईत नोकरी लागली म्हणून कोणाच्या घरात सुतक पडलेलं मी ऐकलं नाही. उलट पेढे वाटतात. पुण्यातही २०१० मध्ये स्फोट झाला होता. तो किती जणांना आठवतो? मोठ्या शहराला सांगायला दुसऱ्या हजार गोष्टी असतात, म्हणून त्याच्यावर एकच शिक्का टिकत नाही. मालेगावसारख्या गावाची बातमी राज्यभर जाते तीच मुळी वाईट दिवशी.

२००६ च्या त्या दुपारनंतर सगळ्यांना वाटलं होतं की आता शहर पेटणार. शहरात हिंदू-मुस्लिम दंगल झाली नाही. हीसुद्धा मालेगावचीच गोष्ट आहे, पण तुमच्या भावापर्यंत ती पोचली नसणार.

पण म्हणून मी असंही म्हणणार नाही की मालेगावात कधी काही घडलंच नाही. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बंदच्या वेळी दगडफेक झाली. तशीच ती अमरावती आणि नांदेडलाही झाली. शहर मोसम नदीने दोन भागांत विभागलेलं आहे. एका बाजूला कॅम्प, संगमेश्वर, सोयगाव या मराठी वस्त्या, आणि दुसऱ्या बाजूला दाट मुस्लिम मोहल्ले. शहराच्या लोकसंख्येत मुस्लिम जवळपास चार पंचमांश आहेत. ताई, खरं बोलायचं तर भावाच्या मनातली भीती बॉम्बपेक्षाही या वाक्याची आहे. ती त्याने उघड बोलून दाखवली नसेल, पण ती आहे, आणि तिच्याबद्दल घरात मोकळेपणाने बोला. ती तशीच दाबून ठेवली तर लेकीला तिथे जाऊनही ओळखीची माणसं सोडून कोणाशी बोलता येणार नाही, आणि बँकेत काम करणाऱ्या माणसाचं तसं भागत नाही.

कारण तिला काम करायचं आहे ते विणकरांच्या गावात. १८५७ च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तरेतून, बनारसच्या बाजूने, मोमीन विणकर दक्षिणेकडे उतरले आणि इथे स्थिरावले. आधी हातमाग होते, मग यंत्रमाग आले, आणि आज शहरात लाखाहून अधिक यंत्रमाग आहेत. तुम्ही मोहल्ल्यातून चाललात तर खटखट आवाज कानात इतका बसतो की दोन माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात. उघड्या दारातून आत बघितलं की पट्टे फिरताहेत, धोटा इकडून तिकडे धावतोय आणि कारागिराच्या केसांवर, भुवयांवर पांढरा तूस बसलेला. पाळी बारा तासांची. घराच्या ओट्यावर बायका कांड्या भरत बसलेल्या असतात. हात चालू, डोळे पोरांकडे. सूत पुरवणारा व्यापारी पुष्कळदा मारवाडी, विणणारा मोमीन, कापड घेणारा आणखी कोणी तिसरा. एकाचा माल अडला की तिघांचंही घर अडतं. शुक्रवारी माग बंद. तिथला आठवड्याचा सुट्टीचा दिवस तोच.

यातलं एकूण एक माणूस तिच्या शाखेत येणार आहे. सुताचे भाव वाढले म्हणून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागणारा माग-मालक येईल, मुद्रा कर्जाचा कागद घेऊन बुरख्यातली बाई येईल, डाळिंबाच्या बागेवर तेल्या रोग आला म्हणून हप्ता थकलेला शेतकरी येईल आणि तो तिच्याशी तिथल्या अहिराणी बोलीत बोलेल. साताऱ्याच्या मुलीला पहिला आठवडाभर काही कळणार नाही, मग कळायला लागेल. पुण्याच्या एखाद्या शाखेत पगारदारांची खाती आणि गृहकर्जं बघत तिची पहिली दोन वर्षं गेली असती. बँकिंग शिकायचं असेल तर मालेगाव त्याहून कितीतरी चांगलं, हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये.

आणखी एक सांगते, तिच्या वडिलांना आवडेल असं. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड जन्मले ते मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी, १८६३ मध्ये. कॅम्पातलं कॉलेज त्यांच्याच नावाचं आहे. गावातला भुईकोट किल्ला नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावरही तिथल्या अरब शिपायांनी इंग्रजांना तो सहजासहजी घेऊ दिला नाही, वेढा घालून बसावं लागलं. शहराला लागूनच चंदनपुरी आहे, खंडोबाच्या बाणाईची. खंडोबाला मानणाऱ्या सातारकरांना बाणाई कोण ते मी सांगायला नको. आणि याच गावात माग चालवणाऱ्या, किरकोळ दुकानं चालवणाऱ्या पोरांनी कॅमेऱ्यासाठी सायकलचीच ट्रॉली करून, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर विनोदी सिनेमे काढले आणि ते गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये गर्दीत चालले. ज्या गावात माणसं बारा तासांच्या पाळीनंतर असं काही करतात, ते गाव टीव्हीवर दिसतं तेवढंच कसं असेल?

गावाच्या वाईट नावाचं आणखी एक बघा. त्याला तारीख असते आणि ती उलटून गेली तरी नाव चिकटून राहतं. भिवंडीचं उदाहरण घ्या, तेही यंत्रमागाचंच गाव. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भयंकर दंगली झाल्या आणि ‘भिवंडी’ म्हटलं की लोक दचकायला लागले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलिस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या, त्यांत हिंदू, मुस्लिम आणि पोलिस एकत्र बसायचे. छोटी भांडणं धर्माची होण्याआधीच तिथल्या तिथे मिटायला लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. तीस वर्षं उलटून गेली. आजही लोकांना १९८४ आठवतं, १९९२ ची भिवंडी आठवत नाही. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण शांतता राखायला त्या गावातल्या साध्या माणसांनी रात्री जागवल्या होत्या.

सुरतेचं नशीब जरा बरं. १९९४ मध्ये प्लेग आला, लोक मिळेल त्या गाडीने पळाले, आणि सगळ्यात घाणेरडं शहर म्हणून सुरतेचं नाव झालं. पुढच्याच वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि दीडएक वर्षात शहर झाडून काढलं. आता इंदूरच्या जोडीने देशात स्वच्छतेत पहिला नंबर मिळवण्यापर्यंत त्याची मजल गेली आहे. खानदेशातली निम्मी पोरं पोटापाण्यासाठी तिकडेच जातात, आणि कोणी त्यांना ‘प्लेगच्या गावात कशाला?’ असं विचारत नाही. सुरतेकडे पैसा होता, म्हणून तिचं नाव धुऊन निघालं. मालेगावकडे तेवढा पैसा नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या वाढत्या आकड्यांसाठी मालेगाव रोज बातम्यांत होतं. जूनपासून आकडे उतरले, राज्यभर ‘मालेगाव पॅटर्न’ची चर्चाही झाली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते चढते आकडेच.

या नावाची किंमत गावातली पोरं मोजतात. पुण्या-मुंबईत खोली बघायला गेली की पत्ता ऐकून घरमालक ‘कळवतो’ म्हणतो आणि कळवत नाही, हे मी तिथल्या मुलांच्या तोंडून ऐकलं आहे. हिंदू मुलांच्याही आणि मुसलमान मुलांच्याही.

आता खऱ्या अडचणी. मालेगावला रेल्वे नाही. मनमाड-इंदूर मार्ग मंजूर झालाय, तो मालेगावावरून जाणार आहे, पण लेकीच्या पोस्टिंगमध्ये त्याचा उपयोग होईल असं धरू नका. रस्ते खराब, धूळ भरपूर. प्लास्टिकच्या कारखान्यांचा धूर काही भागांत जाणवतो. तिला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर हे गंभीरपणे घ्या, औषधं बरोबर द्या आणि घर त्या बाजूपासून लांब बघा. नळाला पाणी कधी येतं, किती वेळ येतं, घरात टाकी केवढी आहे, हे भाडं ठरवण्याआधी विचारायचं. उन्हाळा साताऱ्याच्या माणसाला कडक वाटणार. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर कुठे बसावं अशा जागा कमी आहेत, आणि पहिले काही महिने तिला एकटं वाटेल. मला सगळ्यात मोठी अडचण हीच वाटते. पण बॉम्बच्या भीतीपुढे या एकटेपणाचा विचारही घरात कोणी केला नसेल.

घर शक्यतो शाखेपासून जवळ आणि कुटुंबात राहणाऱ्या घरमालकाकडे बघा. बँकेतले बरेच लोक कॅम्प, सोयगाव भागात राहतात, तिथे खोली मिळणं सोपं जाईल. शाखेतल्या एखाद्या बाई सहकाऱ्याशी लेकीने आधीच फोनवर बोलावं, आणि तिला ‘सेफ आहे का?’ असं मोघम विचारू नये. मार्चअखेरीला शाखेतून निघायला किती वाजतात, त्या वेळी रिक्षा मिळते का, तुम्ही स्वतः कशा जाता, डबा कुठून घेता, गावात तणाव असला तर शाखा काय करते, असं विचारावं. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. हेच प्रश्न तिने नाशिकला किंवा नागपूरला पोस्टिंग झाली असती तरी विचारायला हवे होते.

भावाच्या ओळखीबद्दल. कृपा करून आत्ता ती वापरू नका. रुजू होण्याआधीच वशिल्याने नेमणूक बदलून घेतलेली मुलगी म्हणून तिची बँकेत ओळख झाली तर ती तिला पुढे वर्षानुवर्षं पुरेल, आणि तिने जे स्वतःच्या हिमतीवर मिळवलंय त्यालाही डाग लागेल. सहा-आठ महिने राहून तिला स्वतःला जमलं नाही, तब्येतीला झेपलं नाही, तर तिने रीतसर अर्ज करावा. तो तिचा अर्ज असेल, मामाचा नाही.

स्थळाचं तर मी सरळ सांगते. ‘मालेगावच कसं मिळालं’ असं विचारणाऱ्यांना तुम्ही सांगा की बँकेने दिलं आणि मुलीने घेतलं. एवढ्यावर त्यांनी पाऊल मागे घेतलं तर घेऊ द्या. उद्या तिची बदली गडचिरोलीला झाली तर त्या घरात काय बोललं जाईल, ते तुम्हाला लग्नाआधीच कळलं.

राहिले तिचे वडील. त्यांना वादात हरवू नका, ते हट्टाला पेटतील. बाप माणूस आहे, भीती रागातून बाहेर पडते. त्यांना कामाला लावा. साताऱ्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट मनमाडला जाते, रात्रभराचा प्रवास आहे, आणि मनमाडहून मालेगावला एसटी मिळते. लेक रुजू होण्याच्या आठ-दहा दिवस आधी बाप-लेक दोघांनी जाऊन यावं. गुरुवारी पोचावं म्हणजे माग चालू असलेलं गाव दिसेल आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारचं बंद गावही दिसेल. मोसम पुलावरून नदीच्या दोन्ही बाजूंना चालत जावं. शाखेत जाऊन व्यवस्थापकांना भेटावं, दोन-तीन खोल्या बघाव्यात, पाण्याच्या टाकीचं झाकण वडिलांनी स्वतः उघडून बघावं, ते काम बापमाणसांना चांगलं जमतं. संध्याकाळी शाखेपासून खोलीपर्यंतचा रस्ता ती ज्या वेळी परतेल त्याच वेळी दोघांनी पायी चालून बघावा.

सुट्ट्यांचे दिवस आले की त्या गाडीचं आरक्षण लवकर भरतं. आजच बघा, आणि तिकिटं दोन काढा.

तुमची ताई